टर्की संपल्यावर

टूथपेस्टची ट्यूब कोरी होती, तरी ती बाजूला ठेवली गेली. मग चपलांची पाळी आली. दाखल करून घेणारा कार्यकर्ता पन्नाशीच्या आसपासचा. सगळे त्याला दादा म्हणतात. चपलेचा तळ अंगठ्याने दाबत दाबत तो पुढे सरकत होता. शर्टाची कॉलर त्याने दोन बोटांत धरून पूर्ण चाचपली. समोरच्या बाकावर मुलाची आई बसली होती. हे सगळं तिला लागत होतं.

"दादा, बॅग मी भरलीय. माझ्या हातांनी. त्यात काही नाही."

"नसेलच, आई," दादा म्हणाला आणि त्याने पायजम्याचा नेफा उलटा केला. नाडीच्या भोकापासून चार बोटांवर त्याचा अंगठा थांबला.

शिवण उसवली तेव्हा आतून नखाएवढी प्लास्टिकची पुडी निघाली. लायटरने तोंड वितळवून बंद केलेली. खोलीत कोणी काही बोललं नाही. आईने पुडीकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने पायजमा ओढून घेतला, नेफा डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ पाहत राहिली. "हा टाका माझा नाही," ती म्हणाली. ती घरी फॉल-पिकोची कामं करते, पायजमाही तिनेच शिवलेला. आदल्या रात्री ती झोपल्यावर मुलाने तिच्याच डब्यातली सुई घेऊन ते चार टाके घातले होते. दोरा तेवढा निराळा लागला होता.

दादाने आणखी दोघांना हाक मारली, त्यांच्यादेखत पुडी संडासात टाकून पाणी सोडलं आणि रजिस्टरमध्ये नोंद केली. मुलगा खाली मान घालून बसला होता. चोवीस वर्षांचा, आयटीआय झालेला फिटर. दादाने त्याच्यापुढे चहाचा पेला ठेवला. "गोड करायला सांगितलाय. रात्री लागेल तुला." मग जरा थांबून म्हणाला, "मी चपलेत आणली होती. एकोणीस वर्षं झाली."

यंदा पावसाळ्यापासून दिवाळीच्या तोंडापर्यंत मी या केंद्रात जात होते. पुण्यापासून फार लांब नाही. केंद्राचं नाव लिहायचं नाही आणि आतल्या कोणाचंही नाव, गाव, ओळख पटेल अशी खूण द्यायची नाही, या बोलीवर मला दार उघडलं गेलं. ती बोली मला योग्य वाटली. बाहेर पडणाऱ्या माणसाला नोकरी हवी असते, भाड्याने खोली हवी असते, कोणाला लग्न करायचं असतं. आपल्याकडे यातलं काहीही "तो तिथे होता" एवढ्या एका वाक्याने मोडतं.

*

महाराष्ट्रात निवासी व्यसनमुक्ती केंद्र म्हटलं की पहिलं नाव मुक्तांगणचं येतं. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राऊन शुगर पसरली. तिला मराठीत गर्द हे नाव पडलं. अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यात सापडलेल्या मुलांवर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे इतके अस्वस्थ झाले की त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्यांनी पुढाकार घेतला आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी त्याच रुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झालं. 1997 मध्ये कर्करोगाने त्या गेल्या. पुढे त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर हिने काम हाती घेतलं. अवचटही 27 जानेवारी 2022 रोजी गेले.

त्याच्याही आधी, 1981 मध्ये, वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केलं होतं. फादर स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आलेले, आणि बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. त्यामुळे कृपाच्या उपचारात योगासनांना मोठी जागा आहे. चेन्नईत शांती रंगनाथन यांनी 1980 मध्ये पतीच्या स्मरणार्थ टी. टी. रंगनाथन फाउंडेशन उभारलं, तेही याच सुमाराला. ज्यांनी हे घरात सोसलं किंवा जवळून पाहिलं, त्यांनीच हे काम उभं केलं.

मुक्तांगणचा मूळ कार्यक्रम पस्तीस दिवसांचा. मी जात होते तिथलाही साधारण तसाच. हा पस्तीसचा आकडा आता घरोघरी पोचला आहे, आणि त्याच्यासोबत एक गैरसमजही पोचला आहे. "पस्तीस दिवस ठेवलं की सुटते." जणू कपडे ड्रायक्लीनिंगला टाकले आणि पावती घेऊन घरी आलो. पस्तीस दिवसांत काय होतं आणि काय होत नाही, हे नीट सांगावं म्हणून हा लेख लिहायला घेतला.

*

आधी टर्कीबद्दल. माल बंद झाला की अंगाला जे होतं त्याला गर्द पिणारे टर्की म्हणतात. शेवटच्या दमानंतर आठ-बारा तासांत नाक वाहू लागतं, जांभयांवर जांभया येतात. मग अंगावर काटा, पोटात मुरडा, उलट्या, जुलाब. हाडं आतून कोणी पिळतंय असं वाटतं. पाय आपोआप झटकले जातात. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. आठवड्याभरात ओसरतं, झोप मात्र पुढेही बरेच दिवस येत नाही.

फिटर मुलाची तिसरी रात्र मी पाहिली. तो भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसला होता, पलंगावर त्याला बसवेना. शेजारी दुसरा एक रुग्ण, बाविसाव्या दिवसावरचा, त्याचे पाय मांडीवर घेऊन दाबत होता. रिक्षा चालवणारा माणूस, हात दणकट. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. "माझे पण दाबले होते," एवढंच म्हणाला. डॉक्टरांनी औषधं दिली होती, त्यांनी त्रास बराच कमी होतो. कोरडी टर्की काढायला लावणं, म्हणजे औषध न देता तडफडू देणं, हे अजून काही ठिकाणी चालतं आणि त्याला 'धडा' म्हणतात. त्याने कोणी काही शिकतं असं मला एकाही जुन्या माणसाने सांगितलं नाही.

एक गोष्ट मला इथे येईपर्यंत उलटी ठाऊक होती. गर्दची टर्की बघवत नाही, पण तिने धडधाकट माणूस सहसा मरत नाही. दारूचं वेगळं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, माणूस बरळतो, थरथरतो, आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास जीवही जातो. आपण गटारीला हसतो. उद्यापासून श्रावण, म्हणून झाडून सगळे पितात आणि मग महिनाभर पाळतात. जो सहज पाळतो त्याचं ठीक. पण ज्याचं शरीर दारूवर टेकलेलं आहे, त्याने देवाची शपथ घेऊन घरातल्या घरात एका दिवसात बंद करणं धोक्याचं असतं. माळ घातली की दारू सुटते यावर आपल्या खेड्यापाड्यांचा विश्वास आहे, आणि माळेने कित्येकांना खरोखर तारलंही आहे. माळ जरूर घालावी, पण पहिले चार दिवस डॉक्टर जवळ हवा.

एमडीची तऱ्हा तिसरीच. एमडी म्हणजे मेफेड्रोन. ते फेब्रुवारी 2015 मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. आज तरुण रुग्णांमध्ये तेच जास्त दिसतं, असं इथले सगळे समुपदेशक सांगतात. 2024 मध्ये कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पुणे पोलिसांना त्याचा प्रचंड साठा सापडला. म्हणजे हे विष आता समुद्रापलीकडून यायची गरज उरलेली नाही, ते आपल्या तालुक्यात तयार होतं. एमडी बंद केलं की गर्दसारखी हाडं दुखत नाहीत. मुलगा दोन-तीन दिवस नुसता झोपतो, मग उठतो आणि भिंतीकडे बघत बसतो. कशातच राम वाटत नाही. कोणीतरी आपल्याविरुद्ध कट करतंय असा संशय येतो. घरच्यांना वाटतं, अंग दुखत नाही म्हणजे फार काही नाही. याच दिवसांत जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात, आणि म्हणून अशा मुलांना डोळ्यांआड होऊ देत नाहीत.

*

आठव्या-नवव्या दिवसापासून माणूस माणसांत येतो. सकाळी साडेपाचला घंटा, प्राणायाम, चहा, मग साफसफाई. संडास धुण्यापासून पोळ्या लाटण्यापर्यंत सगळं रुग्णच करतात. नंतर गटाची बैठक, दुपारी एखादं व्याख्यान, संध्याकाळी खेळ किंवा गाणी, रात्री डायरी. ऐकायला हे शाळेच्या शिबिरासारखं वाटतं. मलाही पहिल्या आठवड्यात तसंच वाटलं होतं. मग एकाने सांगितलं, "ताई, सात वर्षांत मी जेवायला वेळेवर बसलेलो नाही. भूक लागते हे पण विसरलो होतो." व्यसनात दिवसाला एकच काम असतं. पैसे उभे करायचे, माल मिळवायचा, ओढायचा, उतरायच्या आत पुन्हा पैसे उभे करायचे. ते एक काम काढून घेतलं की दिवस रिकामा पडतो, आणि तो कशाने भरायचा हे माणसाला लहान मुलासारखं पुन्हा शिकावं लागतं.

फिटर मुलाची पाळी स्वयंपाकघरात लागली. त्याच्या पहिल्या पोळ्या नकाशासारख्या व्हायच्या. हातांना थरथर होती. महिनाअखेर त्या गोल झाल्या, जाड मात्र राहिल्या.

याच स्वयंपाकघरात मी एक गोष्ट पाहिली. कोणाच्या तरी वाढदिवसाला बाहेरून चॉकलेटं आली होती. एका रुग्णाने चॉकलेट सोलून त्याची चंदेरी पन्नी बोटांनी सारखी केली. चुर्र असा बारीक आवाज झाला. पलीकडे भाजी चिरणारा माणूस, केंद्रात अठ्ठावीस दिवस झालेला, सुरी खाली ठेवून उठला. त्याच्या कपाळावर घाम होता, ओठ कोरडे पडले होते. गर्द पन्नीवर टाकून खालून तापवतात आणि धूर नळीने ओढतात. त्याच्या डोक्यात तो आवाज आणि तो धूर एकमेकांना घट्ट बांधलेले होते. समुपदेशक ताईंनी त्याला बाहेर नेलं, पाणी दिलं आणि अर्धा तास त्याच्याशी फक्त त्या आवाजाबद्दल बोलत बसल्या. इथल्या भाषेत याला 'ओढ लागणं' म्हणतात. ती लाट असते, वीस-पंचवीस मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ काढायचा, हे ताई प्रत्येकाला शिकवतात.

मेंदूत काय होतं, हे व्याख्यानात फळ्यावर काढून दाखवतात. सुख वाटलं की डोपामाईन नावाचं रसायन वाढतं. नशेने ते इतकं वाढतं की जेवण, गाणं, मुलाचं हसणं या साध्या गोष्टींनी मिळणारं सुख मेंदूला जाणवेनासं होतं. ते पूर्ववत व्हायला महिने लागतात, काहींना वर्षाहून अधिक. पस्तीस दिवसांत शरीर सुटतं. मन तेव्हा कुठे नुसतं डोळे किलकिले करायला लागलेलं असतं.

*

आपली भाषा या बाबतीत फार कठोर आहे. गर्दुल्ला, बेवडा, दारुडा. मधुमेह झालेल्या माणसाला आपण साखऱ्या म्हणत नाही. गर्दुल्ला म्हटलं की तो माणूस संपतो, रेल्वेच्या पुलाखालचं एक गाठोडं उरतं. आणि बायकांसाठी तर शब्दच नाही. बाई पिते, ओढते, हे घरातच दाबलं जातं. तिला उपचाराला आणायला कोणी तयार नसतं, कारण मग बाहेर कळेल. मुक्तांगणने बायकांसाठी निशिगंध हा वेगळा विभाग सुरू केला. अशा जागा राज्यात अजूनही बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत.

केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या पाहणीचा अहवाल 2019 मध्ये आला. त्यानुसार अफूपासून बनलेले किंवा त्या जातीचे पदार्थ घेणारे देशात सुमारे 2.26 कोटी लोक होते आणि त्यातल्या सुमारे 77 लाखांना मदतीची गरज होती. दारूवर पूर्ण विसंबलेल्या 38 जणांपैकी एकालाच कुठलेतरी उपचार मिळाले. दाखल होऊन उपचार घेतलेला 180 मधला एक. उरलेले एकशे एकोणऐंशी घरात आहेत. त्यांच्या बायका, आया, मुलं त्यांच्याबरोबर आहेत.

केंद्रात दर रविवारी दुपारी रुग्णांच्या बायकांची बैठक असते. गोल करून सतरंजीवर बसतात. एका बाईने सांगितलं, "अकरा वर्षं मी ह्यांच्या शर्टाचा वास घेऊन कपडे धुवायला टाकायची. आता चार महिने झाले, काही नाही. पण नाक थांबत नाही माझं. ते आंघोळीला गेले की मी शर्ट हुंगते. परवा त्यांनी बघितलं." सगळ्या गप्प झाल्या. एकीने विचारलं, "मग?" "मग काही नाही. म्हणाले, हुंग. तुझा हक्क आहे तो." तिने हे सांगितलं आणि तिला रडू फुटलं. त्या अकरा वर्षांत ती एकदाही अशी रडली नव्हती, असं नंतर म्हणाली.

नवऱ्याचं व्यसन लपवायला बायको त्याच्या कंपनीत फोन करून "ताप आहे" सांगते, त्याची उधारी फेडते, सासरी सावरून घेते. आपण याला संसार करणं म्हणतो. इथे तिला हळूच सांगितलं जातं की या सावरण्याने त्याचं पिणं सोपं होत गेलं. हे ऐकताना ती दुखावते, आणि दुखावणारच. जिला दोष देऊ नये तिलाच पुन्हा काही शिकवायला जायचं, हे फार नाजूक काम आहे. ताईंनी ते एकदाही वरच्या पट्टीत केलं नाही.

*

आता जे लिहिते आहे, ते लिहायचं की नाही यावर मी बरेच दिवस घालवले.

मी कॉलेजात होते तेव्हा आमच्या वाड्यात एक मुलगा होता. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. मला सायकल त्याने शिकवली होती, मागचं कॅरिअर धरून धावत. तो गर्दला लागला. घरातली भांडी गेली, आईच्या पाटल्या गेल्या. शेवटी घरच्यांनी कोणाच्या तरी ओळखीने त्याला एका ठिकाणी ठेवलं. तिथे डॉक्टर नव्हता. कुलूप होतं. पहिले काही दिवस पायात साखळीही होती, हे त्याने आल्यावर माझ्या भावाला सांगितलं. सहा महिन्यांनी तो परत आला. गाल भरलेले, केस नीट कापलेले. त्याच्या आईने वाड्यात सगळ्यांना पेढे दिले. आठव्या दिवशी सकाळी तो वाड्याच्या संडासात मेलेला सापडला.

"सहा महिने ठेवून काय उपयोग झाला?" असं वाडा म्हणाला. "ज्याला सुधारायचंच नाही..." असंही म्हणाला. मीही मनात तेच म्हटलं. त्याच्या आईने ते वाक्य मरेपर्यंत वाहिलं.

या केंद्रात येणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांना मी ही हकीकत सांगितली. त्यांनी माझ्या वहीत एक चढती रेघ काढली. रोज घेता घेता शरीर सरावतं, तेवढ्याच नशेसाठी जास्त माल लागतो. रेघ वर जाते. मग बंद झालं की काही दिवसांत ती रेघ धाडकन खाली येते. शरीर पुन्हा नवखं होतं, पण माणसाच्या आठवणीत जुनं मापच असतं. तो एकदाच, शेवटचं, म्हणून ते जुनं माप घेतो आणि श्वास थांबतो. अफूच्या जातीचे पदार्थ श्वास चालवणाऱ्या केंद्रालाच गुंगी आणतात. म्हणून केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात जीवघेणे असतात. नॅलॉक्सोन नावाचं औषध वेळेत दिलं तर असा माणूस परत श्वास घेऊ लागतो, पण आपल्याकडे ते मुख्यतः दवाखान्यातच असतं.

म्हणजे आमच्या वाड्यातला मुलगा सहा महिने बरा राहिला होता म्हणूनच त्या मापाने गेला. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्या आईलाही नाही. इथे दादा प्रत्येक गर्दच्या रुग्णाला जाण्याच्या आदल्या दिवशी घरच्यांसमोर बसवून हे सांगतो, अगदी सरळ शब्दांत. "घसरलास तर मरशील असं मी म्हणत नाही. घसरलास तर पहिला फोन मला कर, असं म्हणतोय."

घसरण्याला इथे 'स्लिप' म्हणतात. पहिल्या वर्षात ती बऱ्याच जणांची होते. दम्याचा रुग्ण पुन्हा धापा टाकत आला तर डॉक्टर त्याला हाकलत नाहीत, औषध बदलतात. व्यसनाच्या बाबतीत मात्र आपण मोजतो. "तिसऱ्यांदा गेलाय." या मोजण्यामुळे माणूस स्लिप लपवतो, आणि लपवलेली स्लिप महिन्याभरात जुन्या व्यसनावर जाते. मला विचाराल तर केंद्र किती चांगलं हे त्याच्या भिंतींवरून ठरवू नका. चौथ्यांदा आलेल्या माणसाशी ते पहिल्या दिवशी कसं बोलतं, त्यावरून ठरवा.

अफूजन्य व्यसनावर जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी किंवा मेथाडोन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दीर्घकाळ द्यायची पद्धत जगभर मान्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये दोन्ही औषधं अत्यावश्यक यादीत घातली. तरी अनेक केंद्रांना हे पटत नाही. "एक सोडून दुसरी लावायची?" असं विचारतात. पूर्ण सोडण्यावर ज्यांची श्रद्धा आहे आणि त्या श्रद्धेवर ज्यांनी शेकडो माणसं उभी केली, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ज्याला नुसत्या संकल्पाने जमत नाही त्याने मरावं का? गोळी घेऊन नोकरीवर जाणारा, मुलाची फी भरणारा माणूस बरा झालेलाच आहे, असं मी म्हणेन. मधुमेहाचा रुग्ण इन्सुलिन घेतो तेव्हा आपण त्याला व्यसनी म्हणत नाही.

आणि साखळीबद्दल. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या अतिवापराशी निगडित मनोवस्थाही येतात, आणि हा कायदा रुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळदंडात ठेवायला मनाई करतो. व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर थोड्या प्रमाणातल्या मालासाठी त्याला खटल्यातून संरक्षणही आहे. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यातलं कलम 64 अ त्यासाठीच आहे. पोलिसांच्या भीतीने मुलाला लपवून ठेवणाऱ्या आईबापांना हे माहीत नसतं. केंद्र निवडताना तिथे डॉक्टर कधी येतात, नोंदणी आहे का, घरच्यांना भेटू देतात का, बाहेर पडल्यावर पाठपुरावा कसा असतो, हे चार प्रश्न तोंडावर विचारावेत. उत्तर टाळणाऱ्या ठिकाणी मुलाला ठेवू नये. काही सुचत नसेल तर 14446 हा सरकारी मदतीचा क्रमांक आहे, त्यावर पैसे पडत नाहीत.

*

तिसाव्या दिवशी ताई प्रत्येकाला एक कोरा कागद देतात. घरापासून कामापर्यंतचा रस्ता काढायचा, आणि जिथे जिथे माल मिळायचा, जिथे बसून ओढायचे, ज्या टपरीवर ते मित्र भेटायचे, तिथे लाल फुली मारायची.

फिटर मुलाने पट्टी घेऊन रस्ता काढला. रेषा सरळ हवी हे त्याच्या हाताला शिकवलेलं. मग फुल्या मारायला लागला. पुलाखाली एक. कमानीजवळ एक. बंद पडलेल्या थिएटरच्या मागे. कंपनीच्या गेटसमोरच्या चहावाल्यापाशी त्याचा हात थांबला. तिथेही फुली मारली आणि मग कागदाकडे पाहतच राहिला.

"ताई, एक पण रस्ता नाही."

"दुसऱ्या बाजूने?"

"दुसऱ्या बाजूने कालवा येतो. लांब पडतं. दोन बस बदलायला लागतील."

"किती वेळ जास्त?"

त्याने मनात हिशेब केला. "चाळीस मिनिटं. जाऊन येऊन ऐंशी."

ताईंनी त्याला निळी पेन्सिल दिली. त्याने कालव्याच्या बाजूने वळणं घेत दुसरा रस्ता काढला. यावेळी पट्टी घेतली नाही.

1935 मध्ये अमेरिकेत दारूपायी बरबाद झालेल्या दोघांनी, एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद, एकमेकांशी बोलत बोलत अल्कोहोलिक्स अनॉनिमस सुरू केलं. त्यांच्याकडून आलेलं 'फक्त आजचा दिवस' हे सूत्र इथल्या प्रत्येक भिंतीवर आहे. जन्मभर नाही घेणार, असं कोणी म्हणायचं नाही. आज नाही घेणार, एवढंच. त्या कागदाकडे पाहताना मला ते पहिल्यांदा नीट समजलं. रोजची ऐंशी मिनिटं.

तो गेला तेव्हा नवरात्र संपत आलं होतं. आई न्यायला आली होती, सोबत त्याची लहान बहीण. दादाने मायलेकरांना समोर बसवून त्या जुन्या मापाबद्दल सांगितलं. आईने सगळं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "मी रात्री उठून बघू का, श्वास चालू आहे का ते?" दादाला उत्तर देता आलं नाही. मुलगाच म्हणाला, "बघ. मी जागाच असतो."

ठरावीक दिवसांनी पाठपुराव्याला यायचं असतं. पहिल्या खेपेला तो आला, दुसऱ्या खेपेला आला नाही. दादाने संध्याकाळपर्यंत वाट पाहिली आणि मग फोन न करता स्कूटर काढून त्याच्या घरी गेला. घरी बहिणीला ताप होता, आई कपडे पोचवायला गेली होती आणि हा गॅसपाशी उभा होता. दादाने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं, हात हातात घेऊन पाहिला, आणि जेवूनच परत आला.

"कशा झाल्या होत्या पोळ्या?" मी विचारलं.

"जाड," दादा म्हणाला. "चार खाल्ल्या."